बिंबाणूंचे वय आणि आकारमान

धानाची रोवणी आटोपून बांध्यांतून पाणी उभे असते आणि घरोघरच्या टाक्या, रांजण व परसात पडलेले जुने टायर यांतील स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास वाढत असतो, अशा श्रावण-भाद्रपदाच्या दिवसांत भंडारा जिल्ह्यात तुमसरपासून लाखांदूरपर्यंत तापाच्या रुग्णाच्या उशाशी एकच प्रश्न विचारला जातो: ‘पेशी किती आल्या?’ पेशी म्हणजे येथे प्लेटलेट, शास्त्रीय मराठीत बिंबाणू. निरोगी माणसाच्या रक्तात एका मायक्रोलिटरला त्यांची संख्या दीड लाख ते साडेचार लाख असते, आणि ती पन्नास हजारांच्या खाली उतरली की घरची माणसे नागपूरला नेण्याची तजवीज करू लागतात. ही चिंता अनाठायी मुळीच नाही. परंतु खानेसुमारीत नुसती डोकी मोजली तर गावात मुले किती आणि वृद्ध किती याचा उलगडा जसा होत नाही, तसा एकट्या या आकड्यावरून रुग्णाचे शरीर नवे बिंबाणू निर्माण करीत आहे की नाही, हे समजत नाही.

इटलीतील ज्युलिओ बिझोझेरो यांनी 1882 मध्ये बिंबाणूंचे स्वतंत्र अस्तित्व आणि रक्त गोठण्यातील त्यांचे कार्य दाखवून दिले. पुढे 1906 मध्ये अमेरिकेतील जेम्स होमर राइट यांनी त्यांचे मूळ अस्थिमज्जेतील मेगाकॅरिओसाइट या प्रचंड पेशीत शोधले. ही पेशी आपल्या अंगाचे लांबट तंतू मज्जेतील रक्तवाहिन्यांत सोडते, आणि ते तंतू तुटून एकेका पेशीपासून हजारांनी बिंबाणू सुटे होतात. हे तुटणे सारख्या मापाचे नसल्यामुळे दोन ते चार मायक्रॉन व्यासाच्या नेहमीच्या बिंबाणूंच्या शेजारी अगदी चिमुकले आणि चांगले थोराड असे दोन्ही प्रकार निरोगी रक्तातही आढळतात. दररोज सुमारे दहा हजार कोटी नवे बिंबाणू रक्तात दाखल होतात, आठ-दहा दिवसांची मुदत भोगतात आणि शेवटी प्लीहा व यकृत यांत नाश पावतात.

बिंबाणूला केंद्रक नसते. मातृपेशीकडून मिळालेला आरएनएचा अल्पसा साठा तो बरोबर घेऊन येतो आणि तो साठा पहिल्या एक-दोन दिवसांतच सरत जातो. म्हणून आरएनए रंगवणाऱ्या विशिष्ट द्रव्याने नवजात बिंबाणू वेगळे ओळखता येतात. डेंग्यूत मज्जेचे काम मंदावते व रक्तातील बिंबाणूंचा नाशही होतो. रुग्ण सावरू लागला की या नवजातांचे प्रमाण एकूण आकडा वर चढण्याच्या एक-दोन दिवस आधीच वाढलेले दिसते. ही तपासणी करणारी यंत्रे मोठ्या शहरांत आहेत. ती तालुक्याच्या ठिकाणीही यावीत, असे मला मनापासून वाटते.

मोठा तो तरुण आणि लहान तो म्हातारा, असा सरळ हिशेब मात्र मांडता येत नाही. नवे बिंबाणू सरासरीने काहीसे मोठे व अधिक कार्यक्षम असतात हे खरे; तथापि आकारमान बहुतांशी जन्माच्या वेळीच ठरते. वेल्लोरच्या वैद्यांनी 2002 मध्ये पश्चिम बंगालच्या रक्तदात्यांविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनेकांचे बिंबाणू संख्येने कमी पण आकाराने मोठे आढळले, आणि तरीही त्यांना रक्तस्रावाचा कसलाही त्रास नव्हता. अशा माणसाला केवळ आकड्यावरून आजारी ठरवणे हा त्याच्यावर अन्यायच होय.

अहवालातील सरासरी आकारमानाच्या रकान्याबाबत आणखी एक सावधगिरी हवी. जांभळ्या टोपणाच्या नळीतील औषध रक्त गोठू देत नाही, पण त्याच्या संगतीत बिंबाणू आपला चपटा आकार सोडून गोलसर फुगतात. म्हणून साकोलीत सकाळी घेतलेले रक्त दुपारी भंडाऱ्यात तपासले तर मधल्या तासांतच तो आकडा वाढलेला असू शकतो. शिवाय सिकलसेल आणि लोहाची कमतरता या दोन्ही व्याधी विदर्भात चांगल्याच परिचित आहेत. त्यांतील तांबड्या पेशींचे बारीक तुकडे, किंवा लोहाअभावी खुरटलेल्या पेशी, यंत्र कधी बिंबाणूंत जमा करते, आणि थोराड बिंबाणूंना उलट तांबड्या पेशी समजून वगळते. अशा वेळी काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरून, लिशमनच्या रंगाने रंगवून तो तेलाच्या भिंगाखाली पाहणाऱ्या तंत्रज्ञाची नजरच खरा निवाडा करते: फिकट निळसर अंगावर जांभळे कण असलेले ठिपके तो मोजतो, आणि त्याच्या एका दृष्टिक्षेत्रातला प्रत्येक ठिपका ढोबळ मानाने पंधरा-वीस हजारांचा दाखला असतो.

वयाचा हा मुद्दा घरातल्या औषधालाही लागू पडतो. ॲस्पिरिन बिंबाणूतील ज्या विकराला निकामी करते तो विकर केंद्रकाअभावी त्याला पुन्हा घडवता येत नाही, म्हणजे तापाच्या पहिल्या दिवशी घेतलेल्या एका गोळीचा परिणाम त्या वेळी रक्तात असलेल्या बिंबाणूंवर त्यांचे आयुष्य संपेपर्यंत टिकतो, आणि शरीर रोज जेमतेम दशांश बिंबाणूच बदलू शकते. याकरिता डेंग्यूचा संशय असताना ॲस्पिरिन व आयब्युप्रोफेन टाळून पॅरासिटामॉलच, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, द्यावे.