नवशिक्याची विजेवरची मोटरसायकल

भारतात विजेवरच्या दुचाकींची बाजारपेठ आजही मुख्यतः स्कूटरची असून मोटरसायकल त्या मानाने उशिरा आणि मोजक्याच आल्या. रिव्होल्ट कंपनीची आरव्ही ४०० ही २०१९ मध्ये, पुण्याच्या टॉर्क कंपनीची क्रॅटोस जानेवारी २०२२ मध्ये आणि बंगळुरूच्या अल्ट्राव्हायोलेट कंपनीची एफ७७ त्याच वर्षाच्या अखेरीस ग्राहकांसमोर आली. ओबेन, मॅटर आणि ओला यांनीही या क्षेत्रात पाऊल टाकले. पर्याय थोडे असले तरी त्यांच्यातले अंतर फार मोठे आहे. आरव्ही ४०० ची मोटर तीन किलोवॅटची, तिचा सर्वाधिक वेग ताशी ८५ किलोमीटर आणि वजन एकशे दहा किलोच्या आसपास. उलट एफ७७ चे वजन सुमारे दोनशे किलो, मोटर पंचवीस किलोवॅटच्याही पुढची आणि वेग ताशी १४० किलोमीटरहून अधिक. पेट्रोलच्या गाड्यांमध्ये शंभर, सव्वाशे, दीडशे, साडेतीनशे सीसी अशी एक सर्वपरिचित उतरंड असते, आणि पहिली गाडी कोणत्या पायरीवरची असावी हे घरातले वडीलधारेही सांगू शकतात. विजेच्या गाड्यांना अशी रूढ उतरंड अद्याप नसल्यामुळे नवशिका दोन्ही टोकांच्या गाड्यांकडे सारख्याच उत्सुकतेने पाहतो, आणि बहुतेक वेळा रेंज व पिकअप या दोनच आकड्यांवर निर्णय घेतो. पहिल्या गाडीसाठी हे दोन्ही आकडे दुय्यम आहेत; गाडी हातात राहते की नाही, हा प्रश्न त्यांच्या आधीचा आहे.

या प्रश्नाचे मूळ मोटरच्या स्वभावात आहे. पेट्रोलच्या इंजिनाला पुरेसा जोर निर्माण करण्यासाठी आधी काही वेगाने फिरावे लागते, आणि तो जोर चाकापर्यंत पोहोचवणे वा तोडणे हे क्लचचे काम असते. विजेच्या मोटरला मात्र पहिल्या फेऱ्यापासूनच जवळजवळ पूर्ण जोर, म्हणजे चाक फिरवणारे बळ किंवा टॉर्क, उपलब्ध असतो, आणि मध्ये बहुधा क्लच नसतो. याचा परिणाम शिकणाऱ्यावर कसा होतो, हे नीट समजून घेण्यासारखे आहे: पेट्रोलच्या मोटरसायकलवर नवशिक्याने क्लच चुकीचा सोडला तर गाडी धक्का खाऊन बंद पडते, म्हणजे त्याची चूक बहुधा गाडीला थांबवते, तर विजेच्या गाडीवर घाबरून ॲक्सिलरेटर अधिक पिळला गेल्यास तीच चूक गाडीला पुढे ढकलते. शिवाय उभी गाडी चालू आहे की बंद, हे आवाजावरून कळत नाही. वाहनतळात गाडी ढकलताना उजवी मूठ नकळत फिरली आणि गाडी समोरच्या भिंतीवर गेली, असा अपघात टाळायचा तर गाडीवरून उतरण्याआधी ती बंद करण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी लागते. साइड स्टँड खाली असताना मोटरकडे जाणारी वीज तोडली जाते का, हे विकत घेण्यापूर्वी स्वतः तपासून पाहावे.

जवळपास प्रत्येक गाडीत इको, नॉर्मल, स्पोर्ट अशा नावांचे दोन-तीन मोड असतात. सौम्य मोडमध्ये मोटरचा जोर आणि वेग सॉफ्टवेअरद्वारे मर्यादित केला जातो, आणि पहिले काही महिने त्याच मोडमध्ये गाडी चालवणे हे नवशिक्यासाठी सर्वांत शहाणपणाचे आहे. माहितीपत्रकात शक्तीचे दोन आकडे आढळतात, त्यांतला फरकही ठाऊक असावा: कमाल शक्ती ही मोटर थोडा वेळच देऊ शकते, तर सातत्याची शक्ती ती न तापता दीर्घकाळ देत राहते. जाहिरातीत पहिला आकडा मोठ्या अक्षरांत असतो. सातत्याची तीन ते पाच किलोवॅट शक्ती शहरातल्या रोजच्या प्रवासाला पुरेशी असून त्याहून अधिक शक्ती पहिल्या वर्षात शिकण्याच्या कामी येत नाही, उलट कधीकधी आड येते.

परवान्याच्या बाबतीत एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. आरटीओ दुचाकीचा परवाना गियरसह आणि गियरविरहित अशा दोन प्रकारांत देते, आणि बहुतेक विजेच्या मोटरसायकलींना गियर नसल्यामुळे त्यांना दुसऱ्या प्रकारचा परवाना चालतो. चार गियरची मॅटर एरा हा यातला ठळक अपवाद. तथापि गियरविरहित परवान्यावर मित्राची किंवा घरातली पेट्रोलची मोटरसायकल चालवता येत नाही. तशी वेळ येण्याचा संभव असेल, तर सुरुवातीलाच गियरच्या गाडीवर शिकून त्या प्रकारचा परवाना काढणे बरे. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यानंतर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या आणि पाव किलोवॅटपेक्षा कमी शक्तीच्या हलक्या वाहनांना परवाना व नोंदणी लागत नाही हे खरे, परंतु येथे ज्या मोटरसायकलींचा विचार चालला आहे त्यांतली एकही त्या सवलतीत बसत नाही.

आता रेंज, म्हणजे एकदा पूर्ण चार्ज केल्यावर गाडी कापू शकेल ते अंतर. माहितीपत्रकात छापलेला आकडा बहुधा आयडीसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भारतीय चालन-चक्रावर मोजलेला असतो. पुण्यातील एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेत गाडी रोलरवर ठेवून ठरावीक क्रमाने चालवली, थांबवली आणि पुन्हा चालवली जाते. या चक्रातला सर्वाधिक वेग ताशी ४२ किलोमीटर आणि सरासरी वेग ताशी २२ किलोमीटरच्या जवळपास असतो. हा आकडा खोटा नाही. वेगवेगळ्या गाड्यांची एकाच मापाने तुलना करण्यासाठी तो उपयुक्तच आहे, पण ताशी साठ-सत्तरच्या वेगाने बाह्यवळण रस्त्यावरून कामाला जाणाऱ्याचा तो आकडा नव्हे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो, आणि बॅटरी त्या हिशेबाने रिकामी होते. क्रॅटोस आर या गाडीसाठी कंपनीनेच चाचणीतली रेंज १८० आणि प्रत्यक्षातली १२० किलोमीटर सांगितली होती. आरव्ही ४०० ची रेंज इको मोडमध्ये १५०, नॉर्मलमध्ये १०० आणि स्पोर्टमध्ये ८० किलोमीटर अशी सांगितली जाते. छापील आकड्याचा दोन-तृतीयांश भाग हाच खरा धरावा आणि तो रोजच्या अंतराच्या किमान दुप्पट असावा, एवढा ठोकताळा पुरेसा आहे, कारण बॅटरीची साठवणक्षमता वर्षागणिक थोडीथोडी घटते आणि एखाद्या रात्री वीज जाऊन चार्जिंग राहूनही जाते.

घाटाची मात्र लोकांना वाटते तेवढी धास्ती बाळगण्याचे कारण नाही, हे साध्या गणिताने दाखवता येते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी असल्यामुळे तिला जुन्याच महामार्गाने बोरघाट चढावा लागतो, आणि खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंतची चढण सुमारे साडेपाचशे मीटर भरते. गाडी आणि चालक मिळून दोनशे किलो वजन तेवढ्या उंचीवर नेण्यास लागणारी ऊर्जा जेमतेम ०.३ किलोवॅट-तास होते. किलोवॅट-तास म्हणजे वीजबिलातले एक युनिट. मोटरमधील गळती धरली तरी चार युनिटांच्या बॅटरीचा दहावा हिस्सा या चढणीपायी जास्तीचा खर्च होतो, आणि उतरताना त्यातला काही भाग परतही मिळतो. त्या मानाने सपाट महामार्गावर तासभर ऐंशीच्या वेगाने गाडी पळवणे बॅटरीला कितीतरी महाग पडते.

उतारावर ऊर्जा परत मिळते ती रिजनरेशनमुळे: ॲक्सिलरेटर सोडला की मोटर उलट जनित्रासारखी काम करून वीज बॅटरीत भरते आणि गाडीचा वेग आपोआप कमी होतो. नवशिक्याला ही सोय आवडते, पण तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे, कारण बॅटरी पूर्ण भरलेली असताना तिला आणखी वीज घेता येत नाही आणि हा रोध मंदावतो. म्हणजे सकाळी घरातून निघालेली गाडी संध्याकाळच्या तुलनेत हळू थांबल्यासारखी वाटते. म्हणून थांबण्याचे शिक्षण दोन्ही ब्रेकवरच व्हायला हवे. एकच ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांना रोध लावणारी व्यवस्था म्हणजे सीबीएस, आणि जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी व्यवस्था म्हणजे एबीएस. पावसाळ्यात ओल्या, तेलकट रस्त्यावर घसरण्यापासून खरा बचाव दुसरीच करते, आणि परवडत असेल तर मोठ्या बॅटरीऐवजी तिच्यावर पैसे खर्च करावेत. मोटरसायकलची चाके स्कूटरपेक्षा मोठी असल्यामुळे ती खड्ड्यांतून अधिक स्थिर जाते, हा तिचा मोठा फायदा. मात्र सीटवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का, आणि तिरपी झालेली गाडी एकट्याला सावरता येते का, हे दुकानातच पाहून घ्यावे.

बॅटरीविषयीची भीती २०२२ च्या उन्हाळ्यात देशभर पसरली, कारण त्या काळात पुण्यासह अनेक ठिकाणी विजेच्या दुचाकींना आगी लागल्या. त्यानंतर एआयएस-१५६ हे बॅटरीच्या सुरक्षिततेचे मानक कडक करण्यात आले आणि डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले. त्यात एका सेलमधली उष्णता शेजारच्या सेलकडे पसरण्याची चाचणी आणि बॅटरी धोकादायक रीतीने तापताच चालकाला इशारा देण्याची अट आहे. स्वस्तात मिळते म्हणून त्याआधीची जुनी गाडी नवशिक्याने घेऊ नये, असे स्पष्ट म्हणावेसे वाटते. लिथियम बॅटरीचेही प्रकार असतात. निकेल-मँगनीज-कोबाल्टची बॅटरी तेवढ्याच वजनात अधिक वीज साठवते, तर लोह-फॉस्फेटची बॅटरी थोडी जड असली तरी उष्णता अधिक सोसते आणि चार्जिंगची अधिक आवर्तने टिकते; ओबेनच्या रोरमध्ये ही दुसरी आहे, आणि विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तिचे मोल विशेष आहे. आयपी ६७ ही खूण बॅटरी एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकल्याची साक्ष देते, पण ती प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्यातली चाचणी असते. तुंबलेल्या सब-वेत गाडी घालण्याची परवानगी नव्हे.

गाडी कोठे चार्ज होणार, हे ठरल्याशिवाय गाडी ठरवूच नये. घरच्या वीजजोडणीवर वाहन चार्ज करण्यास सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुभा आहे, परंतु सोसायटीच्या वाहनतळात स्वतःच्या मीटरपासून केबल आणून, व्यवस्थित अर्थिंग असलेला पंधरा अँपिअरचा सॉकेट बसवून घ्यावा लागतो आणि त्यासाठी समितीशी आधी बोलावे लागते. हे जमणार नसेल तर काढून घरात नेता येणारी बॅटरी हाच मार्ग उरतो. तिचे वजन पंधरा-वीस किलो भरते, तेव्हा लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने ती उचलून पाहिल्याखेरीज होकार देऊ नये.

पैशांचा हिशेब सर्वांना लवकर कळतो. विजेच्या वाहनांवर जीएसटी ५ टक्के आहे, महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणाने मोटर वाहन करात व नोंदणी शुल्कात सूट दिली आहे, पीयूसी लागत नाही. चार युनिटांची बॅटरी भरताना साडेचार युनिटे खर्च होतात आणि तेवढ्यात गाडी शंभर किलोमीटर जाते असे धरले आणि युनिटला दहा रुपये मोजले, तर शंभर किलोमीटरचा खर्च पंचेचाळीस रुपये येतो; उलट लिटरला पन्नास किलोमीटर ॲव्हरेज देणाऱ्या गाडीला तेवढ्याच अंतरासाठी दोनशे रुपयांहून अधिक पेट्रोल लागते. केंद्राचे अनुदान मात्र २०२३ पासून टप्प्याटप्प्याने घटत गेले आहे, त्यामुळे जुन्या किमतींवर भिस्त ठेवू नये.

बचतीच्या या हिशेबावर पाणी फिरवू शकते ती दुरुस्ती. या कंपन्या बहुतांशी नव्या आहेत, आणि गाडीचा कंट्रोलर, म्हणजे बॅटरीकडून मोटरकडे जाणारी वीज नियंत्रित करणारा भाग, नाक्यावरचा मेकॅनिक दुरुस्त करू शकत नाही. बॅटरीची हमी कंपनीपरत्वे तीन ते आठ वर्षांची असते. ती वर्षांबरोबर किलोमीटरनेही बांधलेली असते का, क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यास बॅटरी बदलून मिळते आणि गाडी विकल्यास हमी नव्या मालकाकडे जाते का, हे लेखी घ्यावे. शोरूम चकचकीत असले तरी आधी सर्व्हिस सेंटर पाहावे, तेथे दुरुस्तीसाठी उभ्या असलेल्या गाड्यांच्या मालकांना सुटा भाग यायला किती दिवस लागले ते विचारावे, आणि आपल्या गावात किंवा रोजच्या अंतरात असे केंद्र नसेल, तर ती गाडी कितीही आवडली असली तरी पहिली गाडी म्हणून घेऊ नये.