आपाच्या फ्रीजमधला मेपल

गेल्या जानेवारीत आपाकडे इंग्लंडला गेले होते. पहिल्याच दिवशी फ्रीज उघडला, तर भाजीच्या खणात कोथिंबिरीशेजारी ओलसर मातीची प्लास्टिकची पिशवी. वर तारीख लिहिलेली. मी पिशवी उचलणार तोच आपा म्हणाली, "हात नको लावूस. तुझ्या दुल्हाभाईंचं झाड आहे त्यात."

मरहूम दुल्हाभाईंनी ब्लॅकबर्नला घर घेतलं, तेव्हा दारात जपानी मेपल लावला होता. ब्लडगुड नावाची जात. वसंतापासूनच पानं गडद लाल, जांभळाकडे झुकणारी. आता आपाला जिने चढवत नाहीत, मुलाकडे राहायला जायचं ठरलंय. पंचवीस वर्षांचं झाड काही सामानात बांधता येत नाही. म्हणून ऑक्टोबरात तिने त्याच्या बिया काढून ठेवल्या.

हे झाड मूळचं जपान-कोरियाकडचं. जपानीत त्याचं एक नाव 'कायेदे'. मूळ अर्थ, बेडकाचा हात. स्वीडनचा डॉक्टर थुनबर्ग 1775 मध्ये नागासाकीला गेला होता. त्याने या झाडाला दिलेलं शास्त्रीय नाव 1784 मध्ये छापून आलं, त्यातही तळहातच आहे. पान पाहिलंत तर पटेल. पाच-सात बोटं पसरलेला इवलासा पंजा.

बी मोठं गमतीचं असतं. दोन बिया जोडीने, प्रत्येकीला एक पंख. सुटली की भिरभिरत खाली येतात. हिरवा रंग जाऊन तपकिरी झाक आली, की पूर्ण सुकायच्या आत झाडावरूनच काढायच्या. कडक वाळल्या तर कवच इतकं घट्ट होतं, की कधी कधी रुजायला दुसरा वसंत उजाडतो. अशा बिया आधी कोमट पाण्यात दिवसभर भिजवतात.

आणि थंडी हवीच. शरदात जमिनीवर पडलेलं बी लगेच रुजलं, तर कोवळा कोंब बर्फात मरेल. म्हणून थंडीचे महिने ओलाव्यात काढल्याशिवाय बी जागंच होत नाही. कुंडीत पेरून बाहेर ठेवलं तरी चालतं, पण आपाच्या परसात खारी फार. म्हणून फ्रीज. पंख चोळून काढायचे, ओलसर वाळू-मातीत बी मिसळायचं, आणि 3 ते 5 अंश सेल्सिअसला तीन-चार महिने ठेवायचं. माती मुठीत दाबली तर पाणी गळता कामा नये, नाहीतर बुरशी येते. आपा दर जुम्याला पिशवी उघडून पाहायची. फ्रीझरमध्ये मात्र ठेवायचं नाही.

भाचा म्हणाला, "अम्मी, बियांतून पप्पांचं झाड येणार नाही." त्याचं खरं होतं. आपल्या कोकणात हे कुणाला सांगायला नको. हापूसची कोय लावून हापूस मिळत नाही, त्याला कलमच लागतं. मेपलचंही तसंच. वारा आणि मधमाश्या कुठल्या झाडाचा पराग आणून टाकतील, नेम नाही. लाल झाडाची पिल्लं कुणी लाल, कुणी तपकिरी, कुणी साफ हिरवी. तेच झाड हवं तर फांदी कापून कलम बांधावं लागतं. भाच्याने ते काम करणारा माणूसही शोधून ठेवला होता.

पण कलम कशावर बांधतात? बियांतून आलेल्या साध्या हिरव्या मेपलच्या रोपावर! रायवळच्या खुंटावर हापूस, तसंच. म्हणजे दुल्हाभाईंनी विकत आणलेलं ते ऐटबाज झाडही, कुठल्याशा बिननावाच्या बियांच्या रोपाच्या मुळांवर उभं आहे. हे ऐकून आपा बराच वेळ खिडकीतून झाडाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "कलमही बांधू. पण बिया टाकायच्या नाहीत."

आपल्याकडे हा खटाटोप करू नका, असंच सांगेन. बी फ्रीजमध्ये जागं होईल, पण रत्नागिरी-मुंबईच्या उन्हात रोपाची पानं करपतात, आणि या झाडाला दर वर्षी हिवाळ्याची झोप लागते. परदेशी थंड मुलखात तुमचं कुणी असेल, तर त्यांना जरूर सांगा. आणि ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या निळ्या मेपलच्या बियांना भुलू नका. निळ्या पानांचा मेपल जगात नाही.

मार्चमध्ये पिशवीतच पांढरे मोड दिसू लागले. आपाने एकेक बी उचलून छोट्या कुंड्यांत लावलं. तीसातली अकरा उगवली. आधी दोन लांबट दळं, मग त्यांच्यामधून पहिला खरा पंजा. दोन रोपं जास्त पाण्याने बुडाशी कुजून आडवी झाली. त्या दिवशी आपा फोनवर फारसं बोलली नाही.

उरलेल्या नऊचा फोटो मे महिन्यात आला. पाच लाल, तीन तपकिरी, एक हिरवं. कलमासाठी फांदी थंडीत कापायची आहे, तोवर घर विकायचं नाही असं तिने मुलाला बजावलंय. मी विचारलं, "नव्या घरी दारात कुठलं लावणार?"

"हिरवं," आपा म्हणाली. "लाल मुलांना वाटून टाकेन. हे कुणी मागणार नाही."