जुन्या करवत-टेबलाला राउटर

राउटर म्हणजे लाकडाला खाच, गोलाई काढणारे यंत्र. जुन्या करवत-टेबलाला तो जोडायचा, तर बीडाचा मूळ पाट कापू नये. बीड ठिसूळ असते. बाजूचा जोडपाट काढून तिथे जाड प्लायवूड लावावे, त्यात ॲल्युमिनियमची प्लेट बसवून राउटर खाली उलटा टांगावा.

खरी गोम इथेच आहे, मित्रहो. राउटर उलटा झाला की वरून पाहता बिट घड्याळाच्या उलट फिरते. म्हणून आडपट्टीला टेकवलेली फळी उजवीकडून डावीकडे, फिरण्याच्या विरुद्ध सरकवायची. उलट सरकवली तर बिट ती हिसकावते आणि बोटे मागोमाग जातात. मिनिटाला २०-२२ हजार फेरे! मोठ्या बिटाला १०-१२ हजार पुरेत. आमच्या मोहल्ल्यातले मिस्त्री टेबलावर खडूने बाणच काढून ठेवतात. राउटर चालवताना करवतीचे पाते खाली, बिट बदलताना प्लग बाहेर.