पडद्यावरची दवंडी

अक्कलकोट रोड स्थानकाहून निघणाऱ्या गाडीचे तिकीट आपण संगणकावर काढीत आहोत, असे समजा. प्रवासी तीन लिहिले, रक्कम तिप्पट झाली. तीनाचे दोन केले आणि रक्कम तशीच राहिली, तर? भुर्दंड आपल्याला.

रकमेच्या रकान्याने क्षणोक्षणी ‘बदल झाला का?’ म्हणून विचारीत राहावे, ही एक वाट. चावडीवर खेटे घालण्याचाच तो प्रकार. बहुतेक खेटे फुकट. दुसरी वाट दवंडीची. ज्याला बातमी हवी त्याने आधी नाव नोंदवावे. आकडा बदलताच त्याला हाक जाते. ऐकणारे कोण, हे आकड्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. नॉर्वेच्या ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी १९७९ साली अमेरिकेत झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात माहिती व तिचे चित्र निराळे ठेवण्याची मांडणी केली; या युक्तीचा प्रसार तिच्याबरोबर झाला.

पण दवंडीलाही शिस्त हवी. आधी नवा आकडा लिहावा, मग हाक द्यावी. उलट केल्यास ऐकणारा जुनाच आकडा घेऊन जातो. आणखी एक खोडा आहे, आणि आमच्या मते खरी मेख तीच. सोलापूरकडील उन्हाळा मोजणारे दोन रकाने घ्या : एक सेल्सिअसचा, दुसरा फॅरनहाइटचा. पहिला बदलला की दुसरा बदलतो. दुसऱ्याची दवंडी ऐकून पहिला पुन्हा बदलू पाहतो. हे थांबायचे कधी? म्हणून जुना व नवा आकडा सारखाच असेल, तर दवंडी पिटूच नये. दशांश मात्र दोन्हीकडे एकाच बेताने तोडावेत, नाहीतर ते आकडे जुळतीलच असे नाही.