बुरशीलाही आजार होतो

मावळातल्या एका बचत गटातल्या ताईंनी मला विचारलं, "भाताच्या करप्याची बुरशी असते ना, तिलाच आजारी पाडणारा विषाणू सापडलाय म्हणे. मग ते औषध कुठल्या दुकानात मिळतं?" प्रश्न नेमका आहे, म्हणून आज त्यावरच बोलू.

करपा तुम्हाला मी काय सांगायचा! पानावर डोळ्याच्या आकाराचे ठिपके, मधे राखाडी, कडेला तपकिरी. ढगाळ हवा, रात्री गारवा आणि पानावर दव असलं की तो झपाट्यानं पसरतो. लोंबीच्या देठाला धरला की मानमोडी. लोंबी मोडते, दाणा पोचट राहतो आणि वर्षाच्या खाण्याची पंचाईत होते.

हे करणारी बुरशी मोठी बेरकी. तिचा बीजाणू दवाच्या थेंबात रुजतो, पानाला घट्ट चिकटतो आणि एक काळसर फुगा तयार करतो. त्या फुग्यात मोटारीच्या टायरपेक्षा कितीतरी पट जास्त दाब साठतो. त्या जोरावर ती पानाला भोक पाडून आत शिरते.

या बुरशीलाही विषाणू गाठतो. व्हिएतनाममधल्या भातावरच्या करप्याच्या बुरशीत जपानी शास्त्रज्ञांना असा एक विषाणू मिळाला. २०१० साली त्यांनी तो जगापुढे मांडला. त्याची लागण झालेल्या बुरशीची वाढ मंदावते, रंगही बिघडतो.

बुरशीला विषाणू होतो हे कळून साठ वर्षं उलटली. अळंबीचे बेड लावणाऱ्या मैत्रिणींनी इथं कान द्यावा, कारण अळंबी म्हणजेही बुरशीच. १९६२ साली इंग्लंडमध्ये हॉलिंग्ज नावाच्या शास्त्रज्ञानं रोगट बटण अळंबीत विषाणू दाखवले. म्हणजे भातवालीला जो हवासा वाटेल, तोच पाहुणा अळंबीवालीचा बेड बसवतो.

मग याचा उपयोग कुठं झालाय का? झालाय, पण भातावर नाही. युरोपात चेस्टनटची झाडं एका बुरशीनं मरत होती. १९५०च्या सुमारास इटलीत काही झाडं आपोआप सावरताना दिसली. त्यांच्यावरची बुरशी नेभळट झाली होती आणि पुढे कळलं, तिच्या पोटात विषाणू होता. फ्रान्समध्ये मग अशी नेभळट बुरशी मुद्दाम झाडांच्या जखमांवर लावली आणि झाडं वाचली. अमेरिकेत तसंच करून पाहिलं, तिथं मात्र म्हणावं तसं जमलं नाही.

कारण ऐकलंत तर हसाल. असा विषाणू सहसा एका बुरशीच्या तंतूतून दुसरीच्या तंतूत जातो, दोघी एकमेकींना जोडल्या गेल्या की. आणि बुरशी जोडून घेते ती आपल्या भावकीतलीलाच, परकी आली की जोड मरून जातो. अमेरिकेत त्या बुरशीच्या भावक्या फार होत्या.

हरभऱ्यावरच्या घाटे अळीसाठी विषाणूचं औषध मिळतं, ते काहींनी फवारलंही असेल. पण अळी पान खाते, पानाबरोबर विषाणू तिच्या पोटात जातो. बुरशीला तोंडच नाही, त्यामुळे पंपातून फवारलेला विषाणू तिच्या आत जायचा कसा, हीच अडचण आहे. म्हणून ताई, करप्यासाठी असं औषध दुकानात नाही. कुणी त्या नावाखाली बाटली दाखवली तर पैसे देऊ नका, आधी कृषी सहायकांना विचारा.

आपल्या पुण्यात माणसांच्या विषाणूंचा अभ्यास करणारी राष्ट्रीय विषाणू संस्था आहे. करोनात तिचं नाव घरोघरी पोचलं. आघारकर संशोधन संस्थेत देशभरातल्या बुरशींचा राष्ट्रीय संग्रह जपलाय. (ती संस्था आहे आगरकर रस्त्यावर, आघारकर आणि आगरकर, रिक्षावालासुद्धा गोंधळतो.) बुरशीचा विषाणू म्हणजे या दोन्ही विद्यांचा संगम.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. पेरणीआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवा, त्यात बियाणं टाकून ढवळा. वर तरंगणारं पोचट बी काढून टाका. तळाचं बी दोन-तीनदा चांगल्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवा, मग बीजप्रक्रियेचं औषध चोळा. युरिया एकदम ओतू नका, हप्त्यानं द्या. अति नत्रानं पीक लुसलुशीत होतं आणि करप्याला आयतं सापडतं. बांधावरचं गवतही काढा. आणि औषध चोळलेलं बी उरलं, तर ते कोंबड्यांपुढे टाकू नका.