चार दिवसांची प्रीति

प्रेमाची लाज वाटण्याचें वऱ्हाडास वस्तुतः कांहीं कारण नाहीं. वर्धेकांठचें कौंडिण्यपूर अमरावती जिल्ह्यांतच आहे. रुक्मिणीचें हरण अंबादेवीच्या देवळांतून झालें, अशी अमरावतीकरांची श्रद्धा आहे. एकनाथांनीं १५७१ सालीं रचलेलें ‘रुक्मिणीस्वयंवर’ चांगला वर मिळावा म्हणून उपवर मुलींनीं वाचावें, ही चाल तर आपल्याच घरांतली. भावानें ठरविलेलें स्थळ झुगारून निघून गेलेल्या मुलीची कथा आपणच मुलींच्या हातीं देतों, यांतील गंमत फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं!

परंतु प्रस्तुत प्रश्न याहून अवघड आहे. विवाहाचा हेतु नसतां, केवळ परस्परांच्या खुषीनें, चार दिवसांपुरता स्त्रीपुरुषांचा संग होणें नीतीस धरून आहे काय? अकोल्यास १९६९ मध्यें कृषि विद्यापीठ निघालें, अमरावतीस १९८३ मध्यें विद्यापीठ झालें. खेड्यापाड्यांतील मुलेंमुली खोल्या घेऊन घरापासून दूर राहूं लागलीं. त्यांना हा प्रश्न पुस्तकी नाहीं. घरीं तो विचारण्याची मात्र सोय नाहीं.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं याचें उत्तर निर्भीडपणें दिलें होतें. १९२१ मध्यें मुंबईस संततिनियमनाचें केंद्र काढणाऱ्या व १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविणाऱ्या या गृहस्थांचें म्हणणें असें कीं, ज्या सुखांत जबरदस्ती नाहीं व कोणाचें नुकसान नाहीं, त्यांत अनीति कसली? १९३४ मध्यें त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हां वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनीं घेतलें, तरीहि दंड झालाच. कर्व्यांचें तत्त्व मला मान्य आहे. पण नुकसान झालें नाहीं, हें ठरवावयाचें कोणीं? संततिनियमनाच्या साधनांनीं गर्भाची धास्ती गेली. एकानें खेळ समजावा व दुसऱ्यानें जन्माची गांठ समजावी, ही आपत्ति कोणत्याहि साधनानें टळत नाहीं.

महाभारतांतील शकुंतला भोळी नाहीं. आपला मुलगाच युवराज होईल, असें वचन घेऊन मगच ती गांधर्वविवाहास रुकार देते. दुष्यंत वचन देतो, आणि पुढें भर राजसभेंत सर्व आठवत असतां तिला ओळख देत नाहीं. लोकांस संशय येऊं नये म्हणून असें केलें, ही त्याची मागाहूनची सबब. कालिदासानें दुर्वासाचा शाप मध्यें घालून राजाची अब्रू वांचविली. मूळ कथेंत तो आडोसा नाहीं. मला दोष दिसतो तो राजसभेंतील त्या नकाराचा. आश्रमांतील मीलनाचा दिसत नाहीं.

कायदाहि याच वाटेनें आला आहे. व्यभिचाराचें फौजदारी कलम सर्वोच्च न्यायालयानें २०१८ मध्यें रद्द केलें. उलट, पाळण्याचा हेतु नसतां लग्नाचें वचन देऊन स्त्रीशीं संबंध ठेवणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या ६९ व्या कलमानें १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून अंमलांत आली.

पण ज्यानें वचन दिलेंच नाहीं, केवळ तिला तसें समजूं दिलें, त्याचें काय? तिनें घरून आणलेले लाडू खाल्ले, पुढच्या वर्षाच्या तिच्या बेतांना मान डोलावली, आणि परीक्षा संपतांच गांवीं जाऊन ठरलेल्या मुलीशीं लग्न केलें! येथें कोर्टाचा हात पोंचत नाहीं. आणि इकडे खोलीची मालकीण जाब विचारते, तो त्या मुलीलाच.