आज्ञावली कोण लिहिणार?

सन १९५४ च्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेतील आयबीएम कंपनीतल्या एका लहानशा गटाने आपल्या योजनेचे प्राथमिक निवेदन तयार केले. गटाचे प्रमुख जॉन बॅकस हे होते. त्या काळी संगणकाकडून काम करून घ्यावयाचे म्हणजे यंत्राच्या सांकेतिक भाषेतील शेकडो आदेश एकेक करून लिहावे लागत. त्याऐवजी माणसाने गणितातील सूत्रांसारखी वाक्ये लिहावीत आणि त्यांचे यंत्रभाषेत रूपांतर संगणकानेच करावे, अशी ती योजना होती. तिचे नाव फोरट्रान. ही भाषा सिद्ध झाली की आदेश लिहिण्याचे व त्यांतील चुका शोधण्याचे कष्ट जवळजवळ नाहीसे होतील, अशी आशा त्या निवेदनात व्यक्त केलेली आढळते.

१९५७ साली फोरट्रान प्रत्यक्षात आली आणि आशेचा एक भाग खरा ठरला. हाताने लिहावयाच्या आदेशांची संख्या सुमारे एक-विसांशावर आली. परंतु आज्ञावली लिहिणारी माणसे काही कमी झाली नाहीत. काम स्वस्त झाले, तसे पूर्वी ज्यांना संगणक परवडत नसे अशी कार्यालये त्याच्याकडे वळली आणि आज्ञावलीकारांची मागणी वाढतच गेली. चुकांविषयी तर बोलावयासच नको. त्या आजही मुबलक आहेत.

तोच प्रश्न आता नव्या रूपाने उभा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी हा चॅटबॉट, म्हणजे माणसाशी लेखी संभाषण करणारी आज्ञावली, सर्वांना उपलब्ध झाला. त्याला साध्या भाषेत काम सांगितले की तो त्या कामाची आज्ञावली लिहून देतो. मग आज्ञावलीकाराचे प्रयोजन काय? भारतात संगणक-सेवेच्या व्यवसायावर पन्नास लाखांहून अधिक माणसे अवलंबून आहेत. बंगळूर, हैदराबाद, पुणे येथील कितीतरी घरांत हा प्रश्न आज जेवताना निघतो.

चॅटबॉटच्या कार्यपद्धतीचे मूलतत्त्व थोडक्यात असे. पुस्तके, लेख आणि जगभरच्या आज्ञावलीकारांनी सर्वांस खुल्या ठेवलेल्या आज्ञावली ह्यांच्या प्रचंड साठ्याचे लहान लहान तुकडे करतात. आधीचे तुकडे पाहून पुढचा कोणता येण्याचा संभव अधिक, हे यंत्रास पुनःपुन्हा ओळखावयास लावतात आणि त्याचे उत्तर पाहून त्याच्या पोटातील अब्जावधी अंकांत किंचित फेरफार करीत जातात. आज्ञावलीच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. ती चालवून पाहता येते. नवी साधने आपण लिहिलेली आज्ञावली स्वतःच चालवितात, चूक दिसली तर दुरुस्त करतात आणि पुन्हा चालवितात. कवितेची अशी परीक्षा घेता येत नाही.

ह्या साधनांची प्रगती विलक्षण आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. २०२३ साली संशोधकांनी प्रत्यक्ष वापरातील १२ प्रकल्पांमधून २,२९४ अडचणी निवडून यंत्रांपुढे ठेवल्या, तेव्हा सर्वोत्तम ठरलेल्या यंत्राला शेकडा दोनदेखील सोडविता आल्या नाहीत. पुढे त्यांतूनच तपासून निवडलेल्या ५०० अडचणींपैकी शेकडा सत्तरांहून अधिक २०२५ पर्यंत यंत्रे सोडवू लागली. तथापि त्याच वर्षी एका अमेरिकी संशोधनसंस्थेने केलेला प्रयोग वेगळेच सांगतो. आपापले प्रकल्प वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या १६ अनुभवी आज्ञावलीकारांना २४६ कामे देण्यात आली. काही यंत्राच्या मदतीने करावयाची, काही मदतीवाचून. यंत्राची मदत घेतलेल्या कामांना शेकडा १९ अधिक वेळ लागला. गंमत अशी की आपले काम शेकडा वीस लवकर झाले, असेच त्या मंडळींना वाटत होते!

असे का व्हावे? एक घरगुती उदाहरण घेऊ. आपल्या गावच्या ग्रंथालयाला दंडाची आकारणी करणारी आज्ञावली हवी आहे. ग्रंथपाल चॅटबॉटला सांगतात, ‘पुस्तक पंधरा दिवसांनंतर परत आल्यास दररोज एक रुपया दंड आकारावा.’ काही क्षणांत आज्ञावली तयार होते आणि ती बिनचूक चालतेही. परंतु पंधरावा दिवस रविवारी आला आणि ग्रंथालयच बंद असले तर? मे महिन्यात शाळेला सुटी असते, तेव्हाचे काय? दंड पुस्तकाच्या किमतीहून अधिक झाला तर? ह्या प्रत्येक ठिकाणी यंत्राने काही ना काही ठरवून टाकलेलेच असते. फक्त ते कोणाला विचारलेले नसते. नवे चॅटबॉट असे काही प्रश्न स्वतःहून विचारू लागले आहेत, हे खरे. परंतु विचारावयाचा राहिलेला प्रश्न कोणता, हे ज्याने ग्रंथालयात चार दिवस बसून पाहिले असेल त्यालाच सुचते.

प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय अनुवादाचा. इंग्रजी मजकुरात ‘अंकल’ शब्द आला की आमची लेखणी थबकते. हे गृहस्थ काका, मामा, की मावशीचे यजमान? त्या पानावर उत्तर नसते. पुढची प्रकरणे चाळावी लागतात. यंत्र मात्र न थबकता ‘काका’ लिहून मोकळे होते, आणि बहुतेक वेळा ते खपूनही जाते.

न विचारलेला प्रश्न किती महाग पडू शकतो, ह्याचे उदाहरण चॅटबॉटच्या पुष्कळ आधीचे आहे. ४ जून १९९६ रोजी दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गियाना येथून एरियन-५ हे युरोपीय अग्निबाण चार उपग्रह घेऊन निघाले आणि मुख्य इंजिन पेटल्यानंतर सुमारे ३७ सेकंदांनी भरकटून नष्ट झाले. त्याच्या दिशादर्शक उपकरणातील आज्ञावली एरियन-४ वरून जशीच्या तशी उचललेली होती. आडव्या वेगाशी संबंधित एक मोठी संख्या तीत सोळा अंशांच्या जागेत बसविली जाई. त्या जागेत ३२,७६७ हून मोठी संख्या मावत नाही. जुन्या अग्निबाणाच्या मार्गावर ही मर्यादा कधी ओलांडली जात नसे. नव्याचा आडवा वेग लवकर वाढे, आणि ती ओलांडली गेली. राखीव उपकरण होते. पण त्यातही तीच आज्ञावली असल्याने तेही बंद पडले. विशेष म्हणजे आज्ञावलीच्या त्या भागाचे एरियन-५ ला उड्डाणानंतर काही कामच नव्हते. तिच्यातील प्रत्येक ओळ सांगितले तेच करीत होती. जुन्या अग्निबाणाविषयी धरलेले गृहीत नव्यालाही लागू आहे काय, हे कोणी तपासलेले नव्हते. जुन्या आज्ञावलींच्या साठ्यावर पोसलेल्या यंत्राकडून काम घेताना ही हकीकत आठवणे इष्ट होय.

म्हणून अनुभवी आज्ञावलीकाराची जागा यंत्र लवकर घेईल, असे आम्हांस वाटत नाही. त्याचे लिहिणे कमी होईल, तपासणे आणि विचारणे वाढेल. चिंता आहे ती नवशिक्यांची. स्टॅनफर्ड विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञांनी ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार अमेरिकेत २२ ते २५ वर्षे वयाच्या आज्ञावलीकारांच्या नोकऱ्या २०२२ च्या अखेरच्या उच्चांकापासून शेकडा वीसच्या आसपास घटल्या. वयाने मोठ्या असलेल्यांच्या तशा घटल्या नाहीत. ह्याला यंत्र किती कारण आणि व्यापारातील मंदी किती, ह्यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण लहानसहान दुरुस्त्या करणे, चाचण्या लिहिणे, जुनी आज्ञावली वाचून तिचा अर्थ लावणे ही कामे कंपन्या नवशिक्यांना देत असत, आणि नेमकी तीच कामे यंत्र उत्तम करते. आज यंत्राची चूक ओळखणारे जे आहेत, ते सर्व ही कामे स्वतः चुकत माकत करूनच तयार झालेले आहेत.